यंत्राचा एकच भाव

औषधदानाच्या संकल्पात हल्ली सोनोग्राफी यंत्राचा उल्लेख वरचेवर होतो. भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंना चंद्रपूर जिल्हा परिचित असतो. त्यापलीकडे गडचिरोलीच्या अरण्यात, भामरागडच्या बाजूस, पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षे वाट बंद पडत आली आहे. अशा भागासाठी यंत्र द्यावे असे एखाद्या पेढीच्या मनात येणे स्वाभाविकच. मात्र लाखो रुपयांची वस्तू देण्यापूर्वी ती कोठे चुकते हे विचारणे, हाही व्यापारी विवेकच होय.

हे यंत्र शरीरात ध्वनीची स्पंदने सोडते आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. त्यासाठी ध्वनीचा वेग ठाऊक असावा लागतो. यंत्र तो सर्व शरीरांसाठी एकच धरते: सेकंदाला १५४० मीटर. प्रत्यक्षात चरबीत तो सुमारे १४५०, तर स्नायूंत सुमारे १५८० असतो. तांदळाच्या सगळ्या वाणांना एकच भाव लावून कोणी हिशेब लिहिला, तर बेरीज चुकणारच. तीन सेंटिमीटर चरबीखालील अवयव पडद्यावर सुमारे दोन मिलिमीटर अधिक खोल दिसतो.

एवढ्याने फारसे बिघडत नाही. खरे नुकसान चित्राच्या रेखीवपणाचे होते. पोटावर टेकवल्या जाणाऱ्या प्रोबमध्ये शंभराहून अधिक सूक्ष्म घटक असतात आणि त्यांच्या लहरी एका बिंदूवर एकाच क्षणी पोहोचाव्यात अशी त्यांची वेळ बांधलेली असते. वाटेत चरबी आणि स्नायूंचे असमान थर आले की काही लहरी आधी पोहोचतात, काही मागे रेंगाळतात. पोटाच्या तपासणीत लहरीचे एक आंदोलन सेकंदाच्या एक दशलक्षांशाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात पुरे होते. त्याच्या निम्म्याइतका फरक पडला तरी दोन लहरी एकमेकींना पुसून टाकतात. बिंदूचा डाग होतो आणि पित्ताशयातील लहानसा खडा त्यात हरवू शकतो. हवेच्या थरांमुळे तारे लुकलुकतात, तसाच हा प्रकार आहे.

यावरचा एक मार्ग फ्लॅक्स आणि ओडॉनेल या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडला. शेजारशेजारच्या घटकांवर परतलेले प्रतिध्वनी ताडून पाहायचे, कोण किती मागे पडला ते काढायचे आणि त्या मानाने प्रत्येकाची वेळ नव्याने बांधायची. कल्पना सोपी, अंमल कठीण; कारण ही चूक चित्राच्या प्रत्येक भागात निराळी असते. काही आधुनिक यंत्रे निरनिराळे वेग धरून पाहतात आणि ज्यात चित्र सर्वांत रेखीव येते तो स्वीकारतात. दुसरी युक्ती मूळ लहरीच्या दुप्पट कंपनसंख्येचा प्रतिध्वनी ऐकण्याची. तो मुख्यतः शरीराच्या आत निर्माण होत असल्यामुळे बाहेरील थरांचा उपद्रव त्याला कमी होतो.

गंमत अशी की, या दोषाचा जाच अरण्यातील रुग्णापेक्षा गादीवर बसणाऱ्यालाच अधिक. गडचिरोलीत सिकलसेल आणि मलेरिया या दोन्ही आजारांत प्लीहा वाढलेली आढळते. कृश बालकाच्या पोटावर चरबीचा थर पातळ असल्याने तिची लांबी साध्या यंत्रावरही नीट मोजता येते. शहरातील स्थूल गृहस्थाचे पित्ताशय मात्र भारी यंत्रावरही धूसर दिसू शकते. म्हणून अहवालात ‘स्थूलतेमुळे चित्र अस्पष्ट’ असे आले, तर डॉक्टरांवर रुष्ट होण्यात अर्थ नाही. अन्य तपासणीची गरज आहे काय, एवढे विचारावे.

तात्पर्य, अरण्यातील दवाखान्यासाठी महाग दुरुस्ती-प्रणालीपेक्षा वीज गेल्यावर टिकणारी बॅटरी, जवळ उपलब्ध होणारी दुरुस्ती आणि प्रशिक्षित डॉक्टर यांना पैसा लावणे शहाणपणाचे. समाजाच्या शहरी रुग्णालयासाठी यंत्र घेताना मात्र प्रात्यक्षिक सडपातळ तरुणावर पाहू नये. एखाद्या स्थूल स्वयंसेवकावर, त्याच्या संमतीने, दुरुस्ती चालू आणि बंद अशी दोन्ही चित्रे दाखवण्यास विक्रेत्यास सांगावे. आणि कोठेही द्यायचे असले तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या केंद्रास हे यंत्र विकता येत नाही, फुकटही देता येत नाही. त्यामुळे धनादेश लिहिण्याआधी त्या केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र मागवून घ्यावे आणि त्याची मुदत तपासावी.