कासवीची नजर

गेली वीस वर्षे मी तलासरीच्या बाजूला मुलांना मराठी शिकवतो आहे आणि गेली वीस वर्षे एक दाखला न चुकता देतो आहे. कासवी एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर. ती त्यांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. आमच्या संतांना हा दृष्टान्त फार प्रिय. कूर्मदृष्टी म्हणजे कृपादृष्टी, असे मी फळ्यावर लिहितो. मुले ते उतरून घेतात आणि परीक्षेत मला परत करतात.

यंदा एका रविवारी सहकुटुंब डहाणूला गेलो. सुरूच्या बनात हिंडून झाले, चिकू खाऊन झाले, तेव्हा चिरंजीवांनी हट्ट धरला की, कासवांचा दवाखाना पाहायचा! वनखाते आणि स्थानिक प्राणिमित्र मिळून तो चालवतात. पावसाळ्यात जखमी कासवे किनाऱ्याला लागतात, ती इथे येतात. एका टाकीत ऑलिव्ह रिडले जातीचे कासव होते. पुढचा एक पाय मुळापासून गेलेला. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यात अडकला होता.

"पाय आत का नाही ओढून घेतला त्याने?" आमच्या हिने विचारले.

तिथला माणूस हसला. म्हणाला, "वहिनी, ते विहिरीतलं कासव. समुद्रातल्याला डोकं नि पाय पाठीखाली घेताच येत नाहीत." आणि जाळ्यात ते बुडूनही मरते म्हणे! जन्म पाण्यात जायचा, पण श्वासाला वर यावेच लागते. डोळ्यांतून पाणी गळते ते दुःखाचे नव्हे. अंगातले जादा मीठ ते तसे बाहेर टाकते. आणखी एक नवल ऐका. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. गार वाळूत नर, उबदार वाळूत माद्या. (आमच्याकडे उगीच सुनेला बोल लावतात!)

मी हळूच विचारले, "आणि आईची नजर?"

"नजर कसली, सर? रात्री येते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते. पिलं दीडदोन महिन्यांनी निघतात. ती तिला कधी दिसतही नाहीत."

वीस वर्षांच्या टिपणांचे काय करावे, हा विचार करीत मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात सारे प्रांजळपणे सांगून टाकले. २०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली, हेही सांगितले. मुले हसली, कुजबुजली. मागच्या बाकावरचा एक वारली मुलगा उठला. एरवी तोंड न उघडणारा.

"सर, मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत सोडलं, तेव्हा आईनंसुद्धा मागं वळून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मी तिच्यामागं पळालो असतो."

वर्ग गप्प झाला. मलाही पुढे काही सुचेना. फळा पुसायला घेतला, तर त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

तास संपल्यावर तो दाराशी थांबला. दोन दिवसांची रजा हवी होती. भातकापणी सुरू झाली आहे, आई एकटी आहे, म्हणाला. मी चार दिवसांची दिली.