कॅमेऱ्याला नजर कुणी दिली?

टायर कारखान्यातली शेवटची तपासणी आजवर माणूस करत आला. टायर दिव्याखाली फिरवायचा, हात फिरवून फुगवटा, खाच, रबर न भरलेली जागा शोधायची. आता तिथे मशीन व्हिजन येत आहे. काळ्या रबरावरची काळी अक्षरे साध्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाहीत, म्हणून टायरच्या बाजूवर लेसरची रेघ टाकतात. ती जिथे वाकते तिथला उंचसखलपणा संगणक मोजतो.

"यंत्र हटवा, रोजगार वाचवा," ही घोषणा सोपी आहे. पण ती आपली नाही. 1945 च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची मांडणी.

म्हणून प्रश्न मालकीचा आणि प्रवेशाचा आहे. शिकणाऱ्या प्रणालीला दोष आपोआप कळत नाही. तिला हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येकावर शेरा लागतो: चालेल, दुरुस्ती, भंगार. हा शेरा कुठून येतो? वर्षानुवर्षे पाळी करून कमावलेल्या कामगाराच्या नजरेतून. ती नजर कंपनीच्या संगणकात गेली, पगारपत्रकात तिची एक ओळही नाही!

मुंबईच्या गिरण्या आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव. का, तर कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणजे विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. माग नवा होता, जात जुनीच होती. आज विटाळ कुणी तोंडाने म्हणत नाही. 'अनुभव', 'इंग्रजी', 'ओळख' हे शब्द पुरतात. मिक्सिंगच्या काजळीत कोण उभे आहे आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनपुढे कोण बसले आहे, हे आपापल्या एमआयडीसीत जाऊन मोजा. रबर उद्योगातले काम कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. टायरवरचा बुडबुडा टिपायला कॅमेरा आहे, कामगाराच्या फुफ्फुसाकडे कोण बघणार?

तरुण मित्रांनो, नुसते संतापून भागणार नाही, कायदा वाचा. कामगार कमी होतील असे यंत्र आणायचे तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. युनियनला विचारा, ती नोटीस कुठे आहे? खाजगी नोकरीत आरक्षण नाही हे खरे. पण शिकाऊ उमेदवारांच्या 1961 च्या कायद्यात कलम 3अ आहे. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत आणि हे खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. आपल्या वस्तीतल्या आयटीआय झालेल्या पोरांची यादी करा आणि कारखान्याला लेखी विचारा: या जागांपैकी किती भरल्या, आणि त्यातले किती जण कॅमेऱ्याच्या खात्यात शिकत आहेत?