खताचं सोवळं

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर गेल्या आठवड्यात एक कागद लागला. 'बागेत, गच्चीवर अथवा सदनिकांच्या बाल्कनीत कोंबडीच्या विष्ठेचे खत वापरण्यास सक्त मनाई का करू नये, याचा विचार येत्या सर्वसाधारण सभेत करण्यात येईल.' भाषा पाहिलीत? 'का करू नये!' म्हणजे मनाई ठरलेलीच आहे, आपण फक्त जाऊन माना डोलवायच्या आणि बटाटेवडा खाऊन परतायचं.

मी मान डोलावणार नाही.

वास येतो एवढीच तक्रार असती, तर मी गप्प बसलो असतो. ताज्या कोंबडीखताला वास येतो. येतो म्हणजे काय, कांदा चिरल्यासारखं डोळ्यांतून पाणी काढतो. तो अमोनिया. त्याला कारण आहे. गाय-म्हैस या बाबतीत दोन स्वतंत्र खाती चालवतात. कोंबडीला निसर्गानं एकच खिडकी दिली आहे आणि सगळे अर्ज तिथेच घेतले जातात. तिच्या विष्ठेवर जो पांढरा टिळा दिसतो, ते तिचं मूत्र, म्हणजे युरिक ॲसिड. नत्राचा खजिना तोच. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का भरतं, कोंबडीखतात अडीच-तीन टक्क्यांच्या घरात जातं. स्फुरदही शेणखताहून कितीतरी जास्त. म्हणून तर ते ताजं घातलं की रोपं करपतात. माळी लोक त्याला 'गरम खत' म्हणतात ते उगाच नाही.

पण आमचे माळीमामा ते ताजं घालतच नाहीत. कोंबड्यांच्या शेडमधून भाताच्या तुसासकट आलेलं खत ते कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात दुप्पट वाळक्या पाल्यात मिसळतात, पाणी शिंपडतात आणि गोणपाटाखाली झाकतात. आठवड्यानं खोऱ्यानं वरखाली. पहिल्या काही दिवसांत त्या ढिगात हात घालून पाहा, चटका बसतो. नीट जमलेला ढीग पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेतच रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ढीग सारखा वरखाली करायचा तो एवढ्याचसाठी. नाहीतर बाहेरचे जंतू बाहेरच मजेत राहतात. तीन महिन्यांनी जे हाती येतं ते काळं, भुसभुशीत आणि पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं. बारा इंची कुंडीला एक मूठ, तीही खोडापासून लांब. कोथिंबीर, मुळा असल्या कच्च्या खायच्या गोष्टींना मात्र पुरतं कुजलेलंच हवं, यात तडजोड नाही. हे सगळं मामांना पाठ आहे. सोसायटीच्या कमिटीत ते कुणालाही ठाऊक नाही, पण मत सगळ्यांना आहे.

आणि मत वासाबद्दल नाहीच. कमिटीकडे जो तक्रारअर्ज आला, त्यात 'वास' हा शब्द एकदा आणि 'भावना' हा शब्द चार वेळा आला आहे. शाकाहारी सभासदांच्या भावना! आमच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात म्हणाल्या, "अहो, त्या मातीतली फुलं देवाला कशी वाहायची? आणि तुळशीला कोंबडीचं? शिव शिव!"

मी विचारलं, "काकू, गुलाबाला काय घालता?"

"बोनमील. नर्सरीवाल्यानं सांगितलंय."

आता बोला! बोन म्हणजे हाड. बोनमील म्हणजे कत्तलखान्यातल्या जनावरांच्या हाडांची पूड. इंग्रजी नाव घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली की तिचा विटाळ होत नाही. जिवंत कोंबडीनं राजीखुशीनं जे टाकून दिलं ते अपवित्र आणि मेलेल्या जनावराचं हाड पवित्र, हा हिशेब कोणत्या स्मृतीत सांगितला आहे ते मला दाखवा.

चेअरमनसाहेब त्याहून पुढचे. ते म्हणतात, "आपण आधुनिक माणसं, सरळ युरिया वापरावा." जरूर. पण युरिया हा शब्द कशावरून आला, हे साहेबांनी एकदा पाहावं. तो पदार्थ माणसाला आधी सापडला तो मूत्रात! १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला, तेव्हा मूत्रपिंडावाचून युरिया करता येतो याचंच त्याला कौतुक वाटलं होतं. म्हणजे साहेबांच्या पांढऱ्या शुभ्र गोणीचं माहेर कुठलं, ते मी या पानावर अधिक स्पष्ट करत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचं म्हणाल, तर तिच्यासाठी राष्ट्रं भांडली आहेत. पेरूजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांनी शतकानुशतकं जे साठवलं, त्याचं नाव ग्वानो. त्यापायी अमेरिकेनं १८५६ साली चक्क कायदा केला, की आपल्या नागरिकाला असं ओसाड बेट सापडलं तर देशानं त्यावर हक्क सांगावा. १८६४ साली स्पेनच्या आरमारानं ती चिंचा बेटंच ताब्यात घेतली आणि लढाई जुंपली. जिच्यासाठी आरमारं निघाली, तिच्या गरीब मावसबहिणीला आमच्या कंपाउंडात एक कोपरा मिळेना!

इतक्या लांब तरी कशाला जायचं? नाशिककडच्या द्राक्षबागांत कोंबडीखताचे ट्रक रिकामे होतात. ती द्राक्षं संकष्टीला उपासाच्या ताटात असतात. धनगर शेतात मेंढ्या बसवतो, शेतकरी त्याला त्यापोटी धान्य देतो, पैसे देतो. त्या शेतातल्या ज्वारीला कुणी कुळी विचारत नाही. खत मुळाशी गेलं की मुळं त्यातलं नत्र तेवढं उचलतात. ते गायीचं की कोंबडीचं, याची नोंद झाडाकडे नसते.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटला. चौथ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्यांच्या धंद्याला मला तेवढाही हातभार लावायचा नाही." तिच्याशी मी वाद घातला नाही. ती दूधही पीत नाही, चामड्याची चप्पलही घालत नाही. तिनं आपल्या कुंड्यांत हे खत घालू नये. मीच तिला पालापाचोळ्याचं नेऊन दिलं. पण काकूंच्या आक्षेपात कोंबडीची दया कुठे आहे? तिथे आहे तो फक्त शिवाशिवीचा जुना हिशेब. माणसांवर तो उघड लावता येत नाही, म्हणून आता खतावर लावायचा. आणि तोही नुसत्या खतावर थांबलेला नाही. अर्ज आला त्याच दिवशी माळीमामांना लिफ्ट वापरू नका म्हणून सांगण्यात आलं. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवर मामा आता पाण्याच्या बादल्या जिन्यानं नेतात. ते साठीचे आहेत.

तेव्हा रविवारच्या सभेत मी उपसूचना मांडणार आहे. बंदी घालायचीच तर ती बोनमीलपासून सुरू करावी, युरियाची गोणी फाटकाबाहेर ठेवावी, आणि द्राक्षांची पाटी घेऊन येणाऱ्याला वॉचमननं खताची जात विचारल्याशिवाय आत सोडू नये. शिवाय मामांची लिफ्ट सोमवारपासून सुरू व्हावी. अनुमोदक म्हणून मी सहा जणांना विचारलं. चौघं म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण आमचं नाव नको. दोघं म्हणाले, त्या दिवशी आम्ही गावाला जाणार आहोत. ती चौथ्या मजल्यावरची मुलगी तयार आहे, पण फ्लॅट तिच्या वडिलांच्या नावावर आहे. माळीमामांना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांना सभेत मत नाही.