काटा चढला की थांबा

मुंबईहून रत्नागिरीला जाताना कशेडी घाटात आमची गाडी तिसऱ्यांदा तापली. दर वेळी बाटलीभर पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं, हेच आम्ही करत आलो होतो. मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप. पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं.

शेवटी अम्मीने वही घातली: तारीख, किलोमीटर, किती पाणी टाकलं. गाडीखाली एक थेंब नाही, तरी पाणी कमी होतच होतं. वही पाहून दुसऱ्या मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधाळ फेस, सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेड गॅस्केट गेलं होतं. पाणी इंजिनाच्या आतच जात होतं. तापलेली गाडी दामटल्याने नुकसान वाढलं होतं.

“विकून टाका, घेणाऱ्याला काय कळतंय!” असा सल्ला घरातूनच आला. खर्च ऐकून आम्हीही डगमगलो होतो. अब्बा एवढंच म्हणाले, “ऐब लपवून विकलं तर त्या पैशात बरकत कुठली?”

मग सगळा खर्च करून गाडी दुरुस्त केली. पुढे विकली, तेव्हा वहीही घेणाऱ्याच्या हाती दिली. त्याने भाव थोडा पाडला, आम्ही तो मान्य केला.

तुमच्याही गाडीचा काटा चढला, तर बाजूला थांबून इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते जातं कुठे, हे आधी शोधायला सांगा.