जमेच्या बाजूला काय लिहायचे?

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर नगरपालिकेचे अंदाजपत्रक, हे काही वाचकांना रुक्ष वाटेल. पण अभ्यंगस्नानाच्या पहाटे नळाला पाणी येणार का, रस्त्यावरचे दिवे लागणार का, सणाआधी सफाई कामगारांच्या हाती पगार पडणार का, हे सारे त्याच कागदावर ठरते. म्हणून यंदाची सुरुवात तिथून.

लहान शहरांची स्वतःची कमाई तोकडी. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी गेली, हे चांगलेच झाले. पण बाजारपेठेबरोबर वाढणारे, रोज हातात पडणारे उत्पन्नही गेले. बदल्यात आले राज्याचे सहायक अनुदान. गावाच्या हाती उरली ती घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि मंत्रालयाकडे लागलेले डोळे.

त्यात गेली काही वर्षे आणखी वाईट गेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात देशातील नागरी संस्थांसाठी सुमारे १ लाख २१ हजार कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांखालच्या शहरांच्या वाट्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले. मात्र हा निधी लोकनियुक्त सभागृह असलेल्या संस्थांसाठी होता. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या, एकेका सभागृहाची मुदत संपली आणि खुर्चीवर प्रशासक आले. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतरच चाके फिरली आणि डिसेंबरमध्ये २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात निधी रखडला. निवडणूक लांबली यात मतदाराचा काडीचा दोष नव्हता, पण पाण्याचा आणि स्वच्छतेचा पैसा अडला तो त्याचाच. हा आम्हाला सरळसरळ अन्याय वाटतो.

पैसा आला नाही तरी अंदाजपत्रक 'शिलकी'च असते! अपेक्षित अनुदान जमेच्या बाजूला मांडले की खर्चाच्या बाजूला कामे मांडता येतात. ती मंजूर होतात, निविदा निघते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो. मार्चअखेर येते, पैसा येत नाही. देयके थकतात आणि पुढच्या निविदेत ठेकेदार देयक थकण्याचा धोका धरूनच दर भरतो. पगार, निवृत्तिवेतन, पाणीयोजनेचे वीजबिल यांना कात्री लावता येत नाही. मग ती लागते देखभाल-दुरुस्तीला. जलवाहिनीची गळती तशीच राहते. जलशुद्धीकरण केंद्रातली गाळणीची वाळू बदलायची राहते. कंत्राटी सफाई कामगाराचे हातमोजे आणि गमबूट 'पुढच्या वर्षी' येणार असतात. वाचनालयाची पुस्तकखरेदी तर सगळ्यांत आधी जाते. या कपातींचे फलक कुठे लागत नाहीत. ज्याचा आवाज सभेपर्यंत पोहोचत नाही त्याच्याच वाट्याचे कापले जाते, आणि तेही ठराव न करता.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणेभेटीसाठी शहर सजवायला हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला; हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रक तोलणे म्हणजे काय, हे आम्हाला त्या विरोधात दिसते. पैसा कमी असेल तेव्हा आधी स्वागतकमानी, सुशोभीकरण आणि कारंजी थांबावीत, हातमोजे नव्हेत.

वसुलीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. थकीत घरपट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. छोटा खातेदार तिच्या धाकाने भरून मोकळा होतो. मोठे थकबाकीदार मात्र शास्तीमाफीच्या योजनेची वाट पाहत बसतात, आणि ती आली की वेळेवर भरणाऱ्याला आपणच फसलो असे वाटते. दर चार वर्षांनी व्हायची कर आकारणीही नाराजीच्या भीतीने लांबणीवर टाकली जाते. वाढलेले मजले, निवासीचे व्यापारी झालेले गाळे जुन्याच दराने कर भरत राहतात. राज्याकडे हक्काने मागायचे तर गावानेही या नोंदी दुरुस्त केल्या पाहिजेत. पण तेवढ्याने जकातीची पोकळी भरून निघणार नाही. त्यासाठी राज्याने वर्षाच्या सुरुवातीलाच कोणते अनुदान, किती आणि कोणत्या महिन्यात देणार हे जाहीर करावे आणि ते पाळावे.

नव्या सभागृहांकडे आमची एक मागणी आहे. जमेच्या बाजूचे दोन भाग छापा: मंजुरीचा आदेश हाती असलेला पैसा एकीकडे, नुसती अपेक्षा दुसरीकडे. दुसऱ्या भागातल्या कामांना पैसा खात्यात जमा होईपर्यंत कार्यारंभ आदेश देऊ नका. आणि वाचकहो, फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा होईल तेव्हा आपल्या नगरपरिषदेकडून त्याची प्रत मागून घ्या. आधी देखभाल-दुरुस्तीचे पान काढा, गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष झालेला खर्च शेजारी शेजारी लावून पाहा, आणि फरक दिसला तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याच आठवड्यात विचारा.