हवामान बदलले, बटाईदाराचे काय?

जुलैत पावसाने दडी मारायची आणि काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजायचे, हे मराठवाड्याला आता नवे नाही. उपायही ठाऊक आहेत. रुंद वरंबा-सरीवर पेरले तर खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीचे जादा पाणी सरीतून निघून जाते. सोयाबीनमध्ये तूर घेतली तर एक पीक गेले तरी दुसरे हाती लागू शकते. तलावातला गाळ, शेततळे यांनी जमिनीची ताकद वाढते.

पण बटाईदाराकडे जमीन बहुधा सालापुरतीच असते. पुढच्या साली ती दुसऱ्याकडे जाणार असेल, तर तो गाळ कशाला टाकेल? शेततळ्याचे अनुदान सातबारावरच्या नावाला मिळते. कूळ लागेल या धास्तीने मालक लेखी करार करत नाही. त्यामुळे पीक बुडते एकाचे, भरपाई जाते दुसऱ्याच्या खात्यात.

नीती आयोगाच्या डॉ. टी. हक समितीने २०१६ मध्येच तोडगा सुचवला होता. मालकी मालकाकडेच राहावी, पण कसणाऱ्याला करार, कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई मिळावी. भूमिहीन मुस्लिम, दलित, भटक्या कुटुंबांसाठी ही मागणी आपण शेतकरी संघटनांसोबत लावून धरली पाहिजे. हवामान बदलाच्या प्रत्येक योजनेत पहिला प्रश्न हाच विचारावा: जमीन प्रत्यक्ष कसतो कोण?