परिसर-शाळेची सीमा कोण आखणार?

राजपत्रातील एका नियमदुरुस्तीने कष्टकऱ्यांच्या हजारो मुलांना शाळेच्या दारातून कसे परतवता येते, याचा धडा कर्नाटक सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये देशाला घालून दिला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या परिसरात सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तिला शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांच्या बंधनातून या दुरुस्तीने मोकळे केले. शहरात ‘परिसर’ म्हणजे महापालिकेचा वॉर्ड. सरकारी वा अनुदानित शाळा मुळीच नाही असा वॉर्ड बंगळुरूत शोधूनच काढावा लागेल. परिणाम व्हायचा तोच झाला. २०१८-१९ मध्ये राज्यभरात या तरतुदीखाली दीड लाखाच्या आसपास जागा होत्या. २०१९-२० मध्ये त्या वीस हजारांच्या आत आल्या. मे २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली आणि खासगी शिक्षणसंस्थांच्या चालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच चालकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये या २५ टक्क्यांविरुद्ध शाळा बंद ठेवल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना जे बंद पुकारून मिळाले नव्हते, ते सरकारने आपल्या हाताने त्यांच्या पदरात टाकले.

‘परिसर’ या शब्दाची कुळकथा

हा शब्द मुळात कोणी आणि कशासाठी आणला, हे विसरता कामा नये. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समान शालेय पद्धतीची शिफारस केली आणि परिसर-शाळा हे तिचे साधन मानले. या आयोगाचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते. एका परिसरातील सर्व मुले, मग ती मालकाची असोत की मजुराची, ब्राह्मणाची असोत की दलिताची, एकाच शाळेत जातील. ही योजना वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने अमलात यावी, असे आयोगाचे म्हणणे होते. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला होता. तेव्हा शाळेची सीमा पुसणे ही सामाजिक क्रांतीची मागणी होती.

१ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने परिसर-शाळेचा हक्क कलम ३ मध्ये लिहिला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर चालत जाण्याचे अंतर, असा दंडक केंद्राच्या नियमांनी घालून दिला. जेथे शाळा नाही तेथे तीन वर्षांत ती काढण्याची जबाबदारी कलम ६ ने सरकारवर टाकली. म्हणजे ही सीमा सरकारला बांधून घेण्यासाठी होती. कर्नाटकच्या दुरुस्तीने तिचे टोक फिरविले. मुलाला आत आणण्यासाठी आखलेली रेघ त्याला बाहेर ठेवण्याचे कुंपण बनली.

वॉर्डाची रेघ आणि मुलाची पायवाट

वॉर्ड ही लोकसंख्येच्या हिशेबाने पाडलेली फाळणी आहे. सहा वर्षांचे मूल शाळेत कोणत्या रस्त्याने जाते, वाटेत राजकालुवे, रेल्वेमार्ग किंवा उड्डाणपूल आडवा येतो काय, याच्याशी तिचा काडीचा संबंध नसतो. रस्त्याच्या अलीकडची झोपडपट्टी एका वॉर्डात आणि पलीकडची शाळा दुसऱ्या वॉर्डात पडली, की दोनशे पावलांवरची ती शाळा कायद्याच्या दृष्टीने त्या मुलाच्या परिसराबाहेर जाते. ज्या वॉर्डात श्रीमंतांची वस्ती आणि खासगी शाळांची गर्दी आहे तेथे पात्र अर्जदार थोडे. ज्या वॉर्डात गारमेंट कामगार, सफाई कामगार आणि बांधकाम मजूर दाटीवाटीने राहतात तेथे अर्जदार उदंड आणि जागा नाहीत. २०१८ पूर्वीही ही विटंबना चालूच होती. दुरुस्तीने तिच्यावर शेवटचा हात फिरविला.

आणि ही वॉर्डांची रेघ तरी स्थिर आहे काय? २०१० च्या निवडणुकीत बंगळुरूचे वॉर्ड १९८ होते. २०२२ मध्ये ते २४३ केले गेले, २०२३ मध्ये २२५ आणि २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका करून ३६९. दरम्यान सप्टेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढील पाच वर्षांत निवडणूकच झाली नाही. राज्यकर्ते बदलले की नकाशा बदलतो. पण या पंधरा वर्षांत ‘तुमचे मूल कोणत्या शाळेत जावे?’ हा प्रश्न हाती नकाशा घेऊन कोणी वस्तीत विचारावयास आले नाही.

सरकारचा युक्तिवाद

सरकारचे म्हणणे असे, की २५ टक्क्यांच्या तरतुदीने सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वाहतो आणि सरकारी शाळा ओस पडतात. या म्हणण्यातील पहिला भाग खरा आहे. शुल्काची प्रतिपूर्ती हा सरकारी तिजोरीतून खासगी मालकाला मिळणारा पैसा आहे आणि कम्युनिस्टांनी त्याचे कधी गोडवे गाऊ नयेत. चार मुलांपैकी एकाला दुसऱ्याच्या अंगणात बसविल्याने समान शाळा होत नाही. पण वाचलेला पैसा कोठे गेला, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. सरकारी शाळांवर प्रेम असते तर दुरुस्तीबरोबरच शिक्षकांची भरती, वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृहे यांचा कालबद्ध कार्यक्रम जाहीर झाला असता. दुरुस्तीत यातील एक अक्षरही नाही. खासगी शाळांना सूट मात्र तत्काळ मिळाली.

काही साथी विचारतील, केरळातही अशाच स्वरूपाचा नियम आहे, मग कर्नाटकला दोष का? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१७ पासून सार्वजनिक शिक्षण संरक्षणाची मोहीम हाती घेतली. वर्गखोल्या सुधारल्या, स्थानिक संस्था, पालक आणि माजी विद्यार्थी यांना कामाला जोडले आणि खासगी शाळांतील मुले मोठ्या संख्येने सार्वजनिक शाळांत परतली. तेथे पालकासमोर खरी शाळा आहे. जेथे एका शिक्षकाच्या माथी तीन-तीन वर्ग मारले जातात, तेथे तोच नियम गरिबाचा एक दरवाजा बंद करतो आणि दुसरा उघडीत नाही.

बंगळुरूचा कित्ता मुंबईत

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने हाच कित्ता गिरविला. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विनाअनुदानित शाळांना सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या नियमाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरविला. एकच कायदा, एकाच धाटणीचा नियम. बंगळुरूत वैध, मुंबईत अवैध. मुलांचा हक्क न्यायालयाच्या दारावरील पाटी पाहून बदलत असेल, तर त्याचे रक्षण केवळ न्यायालयांवर सोपवून चालणार नाही. शिवाय ज्या सरकारला एक किलोमीटरच्या आतील सरकारी शाळेचा एवढा पुळका आला, त्याच सरकारच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले होते. खासगी मालकाला वाचविताना परिसर मोजावयाचा आणि आदिवासी पाड्यावरची शाळा उचलताना तो विसरावयाचा, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

धनिक समाज सीमेचा उपयोग कसा करतो, हे अमेरिकेने १९७४ मध्येच दाखवून दिले. डेट्रॉइट शहरातील काळ्या मुलांचे वेगळेपण मोडण्यासाठी गोऱ्यांच्या उपनगरांनाही योजनेत घ्यावे, ही मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. शाळा-जिल्ह्यांची सीमा पवित्र ठरली आणि त्या सीमेआड वंशभेद सुरक्षित राहिला.

‘लोकसहभाग’ म्हणजे कोणाचा सहभाग?

यावर उपाय म्हणून सीमा ठरविताना लोकांचे मत घ्या, असे आज उदारमतवादी मंडळीही म्हणतात. मागणी योग्य आहे. पण ‘लोक’ या शब्दामागे वर्ग दडलेले असतात. बंगळुरूत रहिवासी संघटना प्रबळ आहेत. त्यांच्याजवळ वेळ आहे, वकील आहेत, इंग्रजी आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सुनावणी ठेवली, तर पीन्याच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसलेली आई तेथे पोहोचणार नाही. कलबुर्गी, रायचूर, यादगीरहून आलेल्या बांधकाम मजुराजवळ तर शहराच्या पत्त्याचा पुरावाही नसतो. अशा सुनावणीतून निघणारी सीमा झोपडपट्टीला वगळूनच निघेल आणि तिच्यावर ‘जनतेची मान्यता’ असा शिक्का बसेल.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. सरकारी, अनुदानित आणि खासगी अशा सर्व शाळा एकाच परिसर-नकाशात आणा. सीमा पायी अंतर आणि वाटेतील अडथळे पाहून आखा आणि प्रत्येक परिसरात संमिश्र वस्ती येईल असे पाहा. मसुदा कन्नडमध्ये व वस्तीच्या भाषेत चाळीचाळीतून लावा. सभा सुट्टीच्या दिवशी वस्तीतच घ्या. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समित्यांना सीमा ठरविण्यात निर्णायक मत द्या. स्थलांतरित मुलांची नोंद पत्त्याच्या पुराव्यावाचून करा. आणि सरकारी शाळा सुधारल्याशिवाय खासगी शाळांना दिलेली सूट रद्द करा.

कामगार संघटना, महिला व विद्यार्थी संघटना यांनी हा प्रश्न शिक्षणखात्याचा म्हणून बाजूस ठेवणे ही घातक चूक ठरेल. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या जाचक नियमाविरुद्ध बंगळुरूच्या गारमेंट कामगार स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. त्याच स्त्रियांची मुले आज या सीमांच्या बाहेर उभी आहेत. वस्तीवस्तीत नकाशे पसरून बसण्याचे काम कार्यकर्त्यांनी आजच हाती घेतले पाहिजे.